तीन मात्रा रिकाम्या

४ फेब्रुवारी

तबकडी आली. मांडीवर बसून आली! गणितबाईंनी ती बसमधून चाळीस मिनिटं मांडीवर धरून आणली, दोन उशांच्या मधे ठेवलेली, वरून जुना स्वेटर गुंडाळलेला. उशा सोडवताना घाबरले मी, त्या नाहीत. वय वर्षं एकोणनव्वद.

अडतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, म्हणून मी आणि डॉक्टर आपापसात त्यांना गणितबाई म्हणतो. डॉक्टर म्हणजे ज्यांच्याकडे मी नोकरी करते ते. दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद केला आणि त्याच दोन खोल्यांत हा उद्योग मांडला — सुरुवातीच्या जाझच्या, हॉटेलांतल्या नाचाच्या बँडच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वीच्या तबकड्या शोधायच्या, आवाज साफ करायचा आणि नव्याने काढायच्या. पेशंटची खुर्ची अजून तीच आहे. तीत बसून मी काम करते. मान टेकायला उत्तम सोय आहे, फक्त कोणी तोंडावर दिवा लावत नाही इतकंच.

बाईंचे वडील एका हॉटेलच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. बाई पोटात असताना तापाने गेले. फोटो एक, तबकडी एक. आई सांगायची, "यात तुझे बाबा आहेत." पण ग्रामोफोन आधीच विकला होता, आणि पुढे कुणाकडे वाजवायची सोय झाली तेव्हा तबकडीला भेग गेलेली. वाजवली आणि फुटली तर? म्हणून एकदाही ऐकली नाही. आता डावा कान गेलाय; उजवा, कानाच्या डॉक्टरांच्या मते, वर्षभर टिकला तर टिकला.

"साफ झाली की बोलवा. खरखर ऐकायला मला वेळ नाही," असं म्हणाल्या आणि रिकाम्या उशा घेऊन गेल्या.

५ फेब्रुवारी

भिंगाखाली पाहिली. भेग केसाएवढी, काठापासून लेबलपर्यंत. लेबलवर हॉटेलचं नाव, "नाचासाठी", बस. वादकांची नावं नाहीत. त्या काळी कोण घालणार नावं! बँड म्हणजे हॉटेलचं सामान, खुर्च्या-टेबलांसारखं.

डॉक्टरांचा नियम आहे, भेगेची तबकडी एकदाच वाजवायची. कोमट पाण्याने धुतली, मऊ कापडावर वाळवली, मागून भेगेला चिकटपट्टीचा आधार दिला. सुई टेकवली आणि मी आणि डॉक्टर दोघंही श्वास रोखून उभे. तीन मिनिटं आठ सेकंद. संगीत काय होतं, देव जाणे — माझं सगळं लक्ष सुई उडते की काय यावर. टक, टक, टक. सुई भेगेवरून गेली की टक. अधूनमधून टकटकाट नुसता. मला वाटलं, भेगेला फाटे फुटलेले दिसतात.

सुई उचलली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "निघाली मुळासकट." ते अजून दातांच्याच भाषेत बोलतात.

६ फेब्रुवारी

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. आज विचारतो, "काय चाललंय?" म्हटलं, भेगेची तबकडी. तर म्हणे, "मेलेल्या माणसांची खरकटी भांडी घासतेस तू." खोटं नाही. पण कोणी तरी घासायला हवीतच की.

९ फेब्रुवारी

आज झालं! मी अजून हवेतच आहे, खाली उतरलेली नाही.

आधी वेग बसवला. सगळ्यांना वाटतं की तबकडी मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर वेळा फिरते. लिहिलेलं तेच असतं, पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या यंत्राला कोणी विचारलंय? पियानोचा सूर लावून पाहिला, ही खरंच अठ्ठ्याहत्तरची निघाली. प्रामाणिक यंत्र. मग कॉम्प्युटरमधला झाडू फिरवला. झाडू म्हणजे टक ओळखून काढणारा प्रोग्रॅम. भेग मोठी म्हणून जोर वाढवला. उरलेले जाडजूड टक मी हाताने काढले, एकेक करून, तांदळातले खडे निवडावेत तसे.

आणि मग खरखरीच्या खालून माणसं वर आली. कॉर्नेटवाला, त्याचं ते छोटं तुतारीसारखं पितळी वाद्य. बॅन्जो. क्लॅरिनेटवाला एका लांब ओळीआधी श्वास घेतो — तो श्वास ऐकू येतो! ही हवा कधीच संपलेली आहे, तो छातीचा भाता कधीच मातीत गेलाय, आणि माझ्या कानाशी कोणी तरी आत्ता दम भरून घेतंय. मी खुर्चीतून उठून खोलीत मागे पाहिलं. वेड्यासारखंच. पण पाहिलं.

सगळ्यात मोठी गोष्ट मधल्या कडव्यात. सगळा बँड एकदम थांबतो. एक ठोका वाजवतात आणि तीन मात्रा रिकाम्या सोडतात. पुन्हा एक ठोका, पुन्हा तीन रिकाम्या. सोळा वेळा. चोवीस सेकंद! त्या रिकाम्या जागांत काही नाही, नुसता पोकळ काळोख, आणि प्रत्येक वेळी सगळे जण एकत्र, केसाचाही फरक न पडता, पुढच्या ठोक्यावर हजर. नाचायला आलेल्या लोकांसमोर इतकं गप्प राहायची हिंमत कुणाची होते? मी बावीस वर्षं हे काम करतेय. असं काही ऐकलेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि बराच वेळ तसाच राहिला.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरांना ऐकवलं. ते डोळे मिटून बसले. "रिकाम्या जागा कशा स्वच्छ निघाल्यात बघ," म्हणाले. "कीड नाही, काही नाही." मी मोहरले. बावीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक केल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तरी अंगठा उरेल.

मग त्या काळी ध्वनिमुद्रण कसं करायचे ते त्यांनी पुन्हा सांगितलं. शंभरदा ऐकलंय, तरी ऐकते. मोठ्या कंपन्यांनी तोवर मायक्रोफोन घेतले होते. ही कंपनी छोटी, जुन्याच पद्धतीने चालवायची. भिंतीतून एक मोठा कर्णा खोलीत आलेला. त्याच्यापुढे सगळे दाटीवाटीने उभे — व्हायोलिन कर्ण्याच्या तोंडाशी, पियानो पाठीची फळी काढून, कॉर्नेटवाला दहा पावलं लांब, कारण त्याचा आवाज मोठा. भिंतीपलीकडे मेणाच्या तबकडीवर सुई. कोणी शिंकलं की मेण खरवडून पुन्हा पहिल्यापासून. आणि ढोल बहुतेक वेळा आत घेतच नसत! ढोलाच्या दणक्याने सुई मेणातून उडायची.

इथेच घोडं पेंड खातं. ढोल आत घेतला नसेल तर गणितबाईंचे वडील या तबकडीत कुठून असणार? डॉक्टर म्हणाले, "आहेत की. बँड त्यांचा. ते तिथेच कुठे तरी उभे असतील." मीही मान डोलावली. हे बाईंना कोण सांगणार, ते मात्र ठरलं नाही.

संध्याकाळी नव्या संचाच्या कव्हरवरचा मजकूर लिहिला. या तबकडीवर एक परिच्छेद, त्यात "धाडसी मौन" असे शब्द घातले. वाचून स्वतःवरच खूश झाले.

१७ फेब्रुवारी

गणितबाई आल्या. इस्त्रीचा कडक पोशाख, पर्समध्ये स्वतःची पेन्सिल. त्यांना खुर्चीत बसवलं, उजव्या कानाला मोठा हेडफोन लावला, आवाज इतका वाढवला की शेजारच्या खोलीत डॉक्टरांना ऐकू जावा.

तीन मिनिटं आठ सेकंद त्यांनी मांडीवरच्या कागदावर पेन्सिलने रेघा ओढल्या. मग हेडफोन काढला.

"यात ढोल नाही."

मी सांगितलं. कर्णा, मेण, सुई, सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं असं मला वाटलं. त्या ऐकून घेत होत्या, पण परीक्षेत पाठ केलेलं उत्तर ऐकून घ्यावं तशा.

"बरं. मग मधे ते एक वाजवतात आणि तीन सोडतात. सोळा वेळा. त्या तीनमध्ये कोण आहे?"

"कोणी नाही. ती शांतता आहे. मुद्दाम ठेवलेली. त्यांची हिंमत आहे ती."

"मी वर्गात प्रश्न विचारून थांबायचे ना," त्या म्हणाल्या, "ते उत्तरासाठी थांबायचे. शांततेसाठी कोणी थांबत नाही."

डॉक्टरांनी चहा आणला. चहा पिताना त्या जरा मोकळ्या झाल्या. त्यांना मोजण्याचा नाद लहानपणापासून. जिने, पावलं, खिडक्यांचे गज. "हे बाबांकडून आलं. ताल होता ना त्यांच्यात. आई बिचारी लाँड्रीतले कपडे घरी आणून इस्त्री करायची, दिवसभर उभी. तिच्याकडून मी फक्त काटकसर घेतली." मग कप बशीत ठेवून म्हणाल्या, "मला वाटलं होतं एकदा ऐकेन. जाऊ दे. वर्गात सगळीच मुलं हजर नसतात."

जिन्याने उतरताना त्या पायऱ्या मोजत होत्या. मला वरून ऐकू येत होतं.

१८ फेब्रुवारी

शांततेसाठी कोणी थांबत नाही म्हणे! नाचाच्या बँडमधलं त्यांना काय कळतं? अडतीस वर्षं फळ्यावर बेरजा केल्या म्हणून सगळं जग हातचा धरून चालतं का? उगाच चिडचिड होतेय. भाजी करपली. नवऱ्याने करपलेलीच दोनदा वाढून घेतली, ते आणखीच लागलं.

१९ फेब्रुवारी

संचातली सगळी बावीस गाणी आज छपाईच्या कारखान्याकडे रवाना. परवा पाचशे प्रती निघतील. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

२० फेब्रुवारी

आज अक्षर वाकडं येईल.

काम संपलं की डॉक्टरांसाठी एक तक्ता भरावा लागतो. कुठल्या गाण्यातून काय काढलं, किती काढलं. आकडे कॉम्प्युटर देतो, मी उतरवते. रटाळ काम. मधल्या कडव्याच्या चोवीस सेकंदांपुढे आकडा होता एकशे सत्त्याऐंशी.

लिहिला. पुढच्या ओळीवर गेले. आणि पेन थांबलं.

तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते. फेऱ्याला भेगेचा एक टक. चोवीस सेकंदांत एकतीस होतात. फार तर बत्तीस. भिंग घेऊन पुन्हा पाहिलं — भेगेला फाटा नाही. एकच रेघ, सरळ. मग उरलेले एकशे छप्पन्न कुणाचे?

जे काही काढतो ते डॉक्टर फेकू देत नाहीत. त्यांचा दवाखान्यातला नियम, काढलेला दात पेशंटला दाखवायचा असतो. म्हणून काढलेल्या आवाजाची वेगळी फाइल राहते. मी तिला केराची टोपली म्हणते. बावीस वर्षांत मी ती टोपली कधी उघडून ऐकलेली नाही. केर कोण ऐकतं?

आज ऐकला. आधी नुसती खरखर, मुंग्यांचं वारूळ. संगीताचा पत्ता नाही. एक मिनिट अकरा सेकंद. मग खरखरीतून —

टक. टकटक-टक. टाक टक-टकटकटक. टक.

कोणी तरी वाजवतंय! केरात बसून माणूस वाजवतोय! कोरडा लाकडी आवाज, आणि काय वाजवतोय — एक खेप सरळ, पुढची उलटी, तिसरीत एक मात्रा गिळून टाकतो आणि चौथीत व्याजासकट परत देतो. गालात हसावं तसं वाजवतोय. सोळा रिकाम्या जागा, सोळा वेगवेगळ्या गोष्टी! बँड थांबला होता तो याच्यासाठी. सगळ्यांनी याला जागा करून दिली होती. आणि मी त्याला झाडून काढला. जे जाड टक प्रोग्रॅमला निघाले नाहीत ते मी हाताने काढले. हाताने! आणि वर त्या भोकाला धाडसी मौन म्हणाले.

टकटक आली की ती भेगेचीच, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की कान वापरायची गरजच वाटली नाही. नवख्या माणसाने हे केलं नसतं. त्याला वाटलं असतं, अरे, कोणी तरी वाजवतंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मी रडले, हे लिहून ठेवते. लाज वाटली म्हणून रडले, आणि ते इतकं सुंदर होतं म्हणूनही. कुठलं किती ते सांगता येणार नाही.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर यायच्या आधीच जाऊन बसले. ते आले, कोट काढला, मी काही न सांगता केर लावला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"लाकडी ठोकळा," म्हणाले. "ढोल आत नेऊ दिला नाही, तर ढोलवाले लाकडी ठोकळा घेऊन जायचे. ठोकळ्याने सुई उडत नाही."

म्हणजे हेच ते. बाईंचे वडील! दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं.

मग मी बाकीचं सांगितलं. जोर कुणी वाढवला, हाताने कुणी काढले. पाचशे प्रती आज निघतायत हेही. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"बत्तीस वर्षांपूर्वी मी एका माणसाचा चुकीचा दात काढला. शेजारचा. चांगला होता. अजून तो माणूस मला स्वप्नात तोंड उघडून दाखवतो." मग वळले. "तो परत लावता आला नाही. तुझा लावता येतोय. लाव."

आणि कारखान्याला फोन करून त्यांनी छपाई थांबवली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आमचा एक वादक आत यायचा राहिलाय."

२४ फेब्रुवारी

तीन दिवस हेच. केरातून भेगेचे एकतीस वेगळे करायचे आणि एकशे छप्पन्न उचलून जागच्या जागी ठेवायचे. काही टक भेगेच्या टकावर अगदी चढून बसलेले, ओळखू येईनात. नवरा डबा द्यायला आला होता. त्यालाही जेवायला बसवलं, ऐकवलं. म्हणाला, "सोपं आहे गं. सैल बोल्ट चाकाबरोबर वाजतो. चाक एकदा फिरलं की एकदा, ना लवकर ना उशिरा. जो वेळेआधी येतो किंवा रेंगाळतो तो बोल्ट नव्हे, माणूस."

त्या हिशेबाने सगळे निघाले. दुपारी शेवटचा ठेवला. पहिल्यापासून लावलं. बँड थांबला, एक ठोका पडला, आणि रिकाम्या जागेत तो उतरला. नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. तो म्हणाला, "याला तर सगळं मोकळं रान दिलंय." मग बराच वेळ तो डेपोत परत गेला नाही. त्या दिवशी त्या खोलीतली माणसं कशी उभी असतील! सात जण आपापली वाद्यं छातीशी धरून गप्प, आणि एक जण वाजवतोय, आणि पुढे कर्ण्याचं काळं तोंड, ते कोण कधी ऐकणार हे कुणालाच माहीत नाही. आम्ही ऐकलं. एक बस मेकॅनिक आणि एक भांडी घासणारी. मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

२६ फेब्रुवारी

कव्हरचा मजकूर बदलला. "धाडसी मौन" गेलं. त्या जागी बाईंच्या वडिलांचं नाव आणि पुढे "लाकडी ठोकळा". नव्वद वर्षांनी माणसाचं नाव लागलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं.

२८ फेब्रुवारी

आज गणितबाईंना बोलावलं होतं. बसस्टॉपवर घ्यायला मीच गेले. रस्त्यात काही सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. "तुमचं काही तरी चुकलं होतं आणि आता सापडलंय," त्या म्हणाल्या. "मुलांचा चेहरा असा होतो."

खुर्चीत बसवलं. आधी कबुली दिली — सगळी, हाताने काढल्याची सुद्धा. "चूक स्वतः शोधली ना? मग अर्धे गुण," एवढंच म्हणाल्या. मग हेडफोन. मधलं कडवं आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डॉक्टर दारात.

काहीच झालं नाही.

त्यांनी हेडफोन काढला. "बँड ऐकू येतोय. मधलं अजून रिकामंच आहे."

कान! म्हातारपणी वरचे बारीक, कोरडे आवाज आधी जातात. हे मला माहीत असायला हवं होतं, माझं कामच ते आहे. आवाज आणखी वाढवला. नाही. खालचे सूर चढवले. नाही. मी बावीस वर्षांची सगळी विद्या त्या एका कानापुढे ओतली आणि त्या मान हलवत राहिल्या. शेवटी त्याच मला समजावायला लागल्या, "राहू दे. तुम्हाला ऐकू येतंय ना? ते आहेत हे कळलं, पुष्कळ झालं." मला ते पुष्कळ वाटेना.

डॉक्टर आत गेले आणि जुना लाकडी स्पीकर उचलून घेऊन आले. त्यांनी तो खाली लाकडी जमिनीवर ठेवला, फळ्यांवर, उपडा. "बधिर केलेल्या दातालाही ठोका कळतो," म्हणाले. "हात ठेवून बघा."

एकोणनव्वद वर्षांच्या बाई खुर्चीतून उतरल्या, गुडघे धरत खाली बसल्या आणि दोन्ही तळहात फळ्यांवर पसरले. मी लावलं. कडवं आलं. त्यांची बोटं एकदम ताठ झाली.

"पुन्हा."

लावलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, मोजत होत्या बहुतेक. संपलं तरी हात उचलले नाहीत. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले, मी पण. मग त्यांनी हात पुढे केला, मी धरून उठवलं. हात गार पडला होता. चहा नको म्हणाल्या. बसपर्यंत सोबत नको म्हणाल्या. दारात वळून फक्त, "ताळा करून पाहते. उद्या फोन करीन."

आज उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

एका मुलीने आज जन्मात पहिल्यांदा बापाला भेटून घेतलं, आणि मी त्या खोलीत होते. आणखी काय हवं असतं माणसाला? घरी आले, दारातच नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने न विचारता भांडी घासली.

१ मार्च

सकाळी साडेसातला गणितबाईंचा फोन. फोनवर त्यांना माझं ऐकू येत नाही, म्हणून त्याच बोलल्या.

"कव्हरवर बाबांचं नाव घालू नका. तो ठोकळा नाही. पाय आहेत ते. आईचे. ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी पायांनी ताल धरायची आणि मी टेबलाखाली पाटी घेऊन बसायचे, हात जमिनीच्या फळ्यांवर टेकून. दोनदा डावी टाच, एक मात्रा गाळायची, मग उजवी. ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. बाबांचा ढोल आत घेतला नसेल, म्हणून त्यांनी तिला कर्ण्यापुढे उभं केलं असेल, पायांनी वाजवायला. मला ती एवढंच सांगायची, यात तुझे बाबा आहेत."

पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी नऊ वर्षांची असताना तिला म्हटलं, आई, पाय वाजवू नकोस, माझी बेरीज चुकते. त्या दिवसापासून तिने कधी वाजवले नाहीत."